मीठ बघ रे जरा

१२ ऑक्टोबर, रविवार

ही डायरी उल्काताईने मला जूनमध्ये दिली. भावजींच्या बँकेत उरलेली होती. वर सोनेरी अक्षरं आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एकेक इंग्रजी सुविचार. "रोज एक पान लिही, म्हणजे निदान तू कुठे होतास ते तरी तुला कळेल," म्हणाली. तेव्हापासून ती माझ्या उशीखाली आहे. आधी उन्हाळा होता, उन्हाळ्यात इथे माणसाला स्वतःचा हातसुद्धा जड वाटतो. मग पेन हरवलं. पेन सापडलं तेव्हा डायरीवर चहाचं पातेलं ठेवलेलं होतं, आणि दुसऱ्याचं पातेलं कशाला हलवा. आज एकही कारण उरलं नाही म्हणून बसलोय.

पहिल्या पानावर माहिती भरायची असते ती भरली. नाव सुदेश. ब्लड ग्रुप माहीत नाही. पत्त्याच्या जागी काय लिहावं ते कळेना. कुडाळ लिहावं तर तिथे मी शेवटचा कधी राहिलो? बारावी अर्धी टाकल्यापासून गोव्यातली शॅक, पुण्यातली डिलिव्हरी, तारकर्लीला पाहुण्यांना पाण्यात बुडवून वर काढायचं काम, आणि मग ताईने इथे बोलावलं. पत्ता कोरा ठेवला.

सध्या मी कुवेतमध्ये, फिंतासजवळ समुद्राच्या कडेला एका पार्कात आहे. पाळणे, रेल्वे, पाण्याच्या घसरगुंड्या, सगळं. उन्हाळाभर पार्क बंद होतं आणि आतलं मोठं रेस्टॉरंट बदलायचं चाललं होतं. आधी ते 'चंद्रतळ' होतं. गोल खिडक्या, चंदेरी भिंती, पिझ्झ्याला रॉकेट म्हणायचे. आता ते 'जुनं बंदर' झालंय. म्हणजे पूर्वी इथली गलबतं खजूर घेऊन आपल्याकडे यायची आणि लाकूड, मसाला घेऊन परत जायची, त्या काळातलं. खिडक्या गोलच होत्या, त्या जहाजाच्या म्हणून खपल्या. दारातल्या अंतराळवीराला दाढी चिकटवून फेटा बांधला, तो नाखवा झाला. फेट्याखाली हेल्मेट तसंच आहे. छताला काळा रंग मारला तरी दिवे घालवले की जुने तारे हिरवे चमकतात. रंगाऱ्याला सांगितलं तर म्हणाला, बंदरावर तारे नसतात काय?

हात दुखला. जयरामकाकांबद्दल उद्या.

१५ ऑक्टोबर, बुधवार

उद्या म्हणजे परवा झाला, आणि परवा म्हणजे आज.

जयरामकाका माझे रूम पार्टनर आणि 'जुन्या बंदरा'चे मुख्य आचारी. मालवणच्या बाजूचे. वीस-बावीस वर्षं पार्कच्या स्टाफ मेसमध्ये डाळ-भात रांधत होते. रेस्टॉरंट बदलायचं ठरलं तेव्हा फखरुन्निसा मॅडमने त्यांचं नाव पुढे केलं. मॅडम हैदराबादच्या, पार्कातल्या सगळ्या खाण्यापिण्याच्या जागा त्यांच्या हाताखाली. हेड ऑफिसला हॉटेलातला शेफ हवा होता. मॅडम म्हणाल्या, ज्या किनाऱ्याचं जेवण, त्या किनाऱ्याचा माणूस. शेवटी ठरलं असं की १६ नोव्हेंबरला मुदीर, म्हणजे आमचा सगळ्यात मोठा साहेब, स्वतः जेवायला बसणार. त्याला आवडलं तर काका राहिले आणि डिसेंबरमध्ये त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे वाढला. नाही आवडलं तर बर्गर-पिझ्झाच चालू ठेवायचे आणि काका गावी.

तसे बर्गर-पिझ्झा आहेतच. रॉकेट पिझ्झा आता होडी पिझ्झा आहे. मी आज खाल्ला. तोच आहे, फक्त शिडाच्या आकाराचा कागद टोचलाय.

काकांचं मात्र सगळं नवं. बांगड्याचं तिखलं, तिरफळ घालून. कोळंबीची आमटी. सोलकढी. घावणे. मला खरं तर बाहेर टेबलं मांडायची ड्यूटी, पण मॅडम उठल्यासुटल्या आत पाठवतात. "सुदेश मियाँ, आप अंदर जाओ. जयराम भाई को अकेला नक्को छोड़ो." माझं तोंड बाहेर गिऱ्हाइकांना दाखवण्यासारखं नाही असं त्यांना वाटत असणार. जाऊदे, आत एसी बरा आहे.

आत काकांचं एकच. काही शिजलं की पळीभर माझ्यापुढे. "मीठ बघ रे जरा." मी बघतो. "कोकम वायच होया काय?" मी सांगतो, हवं किंवा पुरे. ते तसं करतात. स्वतः जिभेला थेंब लावत नाहीत. सलोनी म्हणून कॅशला आहे, कांदिवलीची, शुद्ध शाकाहारी. तिने विचारलं, अंकल टेस्ट का नाही करत? मीच सांगितलं तिला, काका गावच्या देवळात महाप्रसाद रांधायचे. नैवेद्याचं जेवण देवाच्या आधी उष्टं करत नाहीत. हातच तसा बसलाय. आमच्याकडे आई पण सणाला मीठ अंदाजानेच घालते. माशांचा कसला नैवेद्य असं मला एकदा मनात आलं, पण सवय ती सवय. ऐकून काका कढईकडे बघत राहिले.

हे आता सगळ्या स्टाफला माहीत झालंय. इजिप्शियन सुपरवायझर त्यांना बघून छातीवर हात ठेवतो.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. अर्धी रजा घेऊन सलव्याला ताईकडे. बिल्डिंगमध्ये मराठी घरं पाच-सहा, सगळे बँक नाहीतर कॉम्प्युटर. मी गेलो की सगळे माझ्याशी जरा सावकाश बोलतात.

भाची स्पृहा दार उघडून म्हणाली, "मामा, यू स्मेल लाइक फिश." मी म्हटलं, अगो, दोनदा आंघोळ केली. "देन टू फिश," म्हणाली.

देवेंद्र भावजी चकली मोडत म्हणाले, "काय, या वेळी किती टिकणार?"

"बघू."

"बघू हे तुझं आडनाव आहे का रे?"

ताई आतून ओरडली, सणाचं नको. मग भावजी विषय बदलून म्हणाले की व्हिजिट व्हिसा पुन्हा चालू झालेत, आता पगाराची अट पण नाही, आईला जानेवारीत आणू या. ताई म्हणाली, आई येऊन करेल काय, याला शोधत फिरेल.

काकांसाठी ताईने डबा दिला. परत येऊन त्यांना दिला तर त्यांनी चिवडा, करंजी, चकली सगळं सारखंच खाल्लं, हिरवी मिरची चावत. करंजीबरोबर मिरची. मी म्हटलं, काका, काय हे? "माका तिखट लागता तोंडाक," म्हणाले. चांगली झाली का करंजी? "बरी झाली." एवढंच. उल्काताईच्या करंजीला फक्त बरी म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. तिला सांगितलेलं नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

काही नाही. दमलो. पोत्यांत थर्मोकोल भरून मसाल्याची पोती केली. संध्याकाळी खिडकीतून फ्लेमिंगो दिसले, लांब, चिखलात. ते दर वर्षी इथे येतात आणि मग जातात, त्यांना कोण काय विचारतं.

एक लिहायचं राहिलं. आजवर माझ्या बुटांवरून प्रत्येक रूममध्ये भांडण झालंय. पुण्यात तर एकाने ते गच्चीवरून खाली टाकले. जयरामकाका एका शब्दाने बोललेले नाहीत. बूट त्यांच्या उशाशी असतात. मोठ्या मनाचा माणूस.

२९ ऑक्टोबर, बुधवार

काका आंघोळीला गेले होते, त्यांचा फोन वाजत राहिला, मी उचलला. त्यांच्या बायकोचा, ठकूबाईंचा. मी सांगितलं, मी सुदेश, त्यांच्या खोलीतला. तर बाई माझ्याशीच बोलत बसल्या. आवाज खणखणीत.

"तूच काय तो, चव बघणारो?"

म्हटलं, काकी, तुम्हाला कोणी सांगितलं?

"ह्यांनीच. पोरगो बरो आसा म्हणत होते." मग हळू आवाजात, "ते जेवतत मा नीट?"

जेवतात, म्हटलं, मिरच्या फार खातात.

"पयले मिरची खाईत नाय ते."

म्हटलं, इथे येऊन लागली असेल सवय.

"पयले फोन केल्यानी की पयलो प्रश्न, आज काय रांदलंस? मग मीठ कितक्या घातलंस, कोकमां किती, आमसुलां भिजत घातलंस काय. माका कटाळो येय. आता चार वर्सां झाली, इचारणत नाय. तो ताप इल्लो ना, त्याच्या आदी शेवटचा इचारल्यानी. नी चार वर्सांत घराकडे पण येणत नाय. पावसात येतंय, गणपतीक येतंय, नुसता म्हणतत."

तिकीट महाग झालंय, मी म्हटलं. काका थोडे चिकट आहेतच, पण ते बाईंना कशाला सांगा.

"तो मोटो सायब जेवक कधी येतलो?"

सोळा तारखेला, मी सांगितलं. सगळं सांगितलं, इकाम्याचं पण. नंतर वाटलं, नको होतं सांगायला. बाई नुसतं "बरा" म्हणाल्या.

काका टॉवेल गुंडाळून बाहेर आले. कोणाचा फोन, म्हणाले. काकींचा, म्हटलं. ते फोन घेऊन गॅलरीत गेले आणि लगेच परत आले. लग्नाला तीस वर्षं झालेली माणसं एवढंच बोलत असतील.

२ नोव्हेंबर, रविवार

आज चार वाजता स्टाफला नवं जेवण द्यायचं होतं. सगळे मिळून अठरा-वीस माणसं. काका सकाळीच म्हणाले, "चारच्या आदी ये. तुज्याशिवाय वाढूचंय नाय." म्हटलं, येतो.

मला अर्दियाला पाठवलं होतं, कंपनीच्या गोडाऊनमधून लाकडी पिंपं आणायला. तिथे अभिजीत भेटला. आमच्याच कंपनीचे वाळवंटात कॅम्प असतात, हिवाळ्यात इथली माणसं तंबू ठोकून राहतात ना, त्या कामावर आहे तो. परभणीचा. हसला की सगळे दात दिसतात. म्हणाला, "अरे, तू मासे कशाला उकडत बसलास? उघडं आभाळ बघ. सुपरवायझर आपला आहे, कफील तोच, व्हिसा बदलायला नको, नुसता अर्ज टाकायचा." पंधरा तारखेपासून सीझन.

मग त्याने गोडाऊन दाखवलं. पार्कातलं सगळं काढलेलं सामान तिथे येतं. डायनासोरची डोकी रांगेने, एका बाजूला तोंड करून. मोडकी परीची गाडी. 'चंद्रतळ'चं रॉकेट. रॉकेटच्या आत दोन सीट अजून आहेत. आम्ही बसलो. आत एका मांजरीने पिल्लं घातली होती, तीन पांढरी आणि एक कसलं तरी. अभिजीतने त्यांना खबूस रोटी भिजवून घातली. पिंपं गाडीत चढवली तेव्हा घड्याळ बघितलं. मग रस्त्याला ट्रॅफिक.

पोचलो तेव्हा भांडी घासत होते.

३ नोव्हेंबर, सोमवार

सलोनीकडून कळलं. तिखल्यात मीठ एवढं की कोणाला दुसरा घास घेववेना. आतल्या दोन हेल्परपैकी एकाने बांगड्यांना आधीच मीठ चोळून ठेवलं होतं, काकांनी नेहमीच्या मापाने रश्शातही घातलं.

"सगळे नुसते पाणी पीत होते," सलोनी म्हणाली. "अंकल मधोमध उभे. सगळ्यांची तोंडं बघत. आणि मॅडमने माहितीय काय केलं? अख्खी प्लेट संपवली. शेवटपर्यंत. म्हणाल्या, समुंदर का ज़ायक़ा है, थीम में बैठता है. कोणी हसलंच नाही."

"हेल्परना विचारलं नाही त्यांनी?"

"विचारलं ना. दोघांनी अंगठा दाखवला. ते होडी पिझ्झ्याला पण अंगठा दाखवतात. तू कुठे होतास?"

रॉकेटमध्ये, म्हटलं.

"शाब्बास. चंद्रावर मीठ मिळतं का बघायचं होतंस."

काका मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मला वाटतं, वय झालं त्यांचं. एकदा बोट लावलं असतं रश्शाला तर काय देव कोपणार होता?

४ नोव्हेंबर, मंगळवार

मॅडमने ऑफिसात बोलावलं. ओरडणार असं वाटलं. त्यांनी चहा दिला आणि जयराम भाईंच्या घरचा नंबर आहे का विचारलं. ठकूबाईंचा. त्यांना हिंदी समजतं का, हेही विचारलं. "उनको नक्को बताना," म्हणाल्या.

मला समजलं ते. माणसाला घरी पाठवायचं ठरलं की आधी घरच्यांना कळवतात, म्हणजे तो विमानतळावर गडबड करत नाही. पुण्यात एकाचं असंच केलं होतं. मी नंबर दिला. दिला आणि बाहेर येऊन नाखव्याजवळ उभा राहिलो. त्याची दाढी एका बाजूने सुटलीय.

अभिजीतला मेसेज केला, अर्ज टाक माझा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी काकांबरोबर समुद्रावर गेलो. भरती ओसरली होती, पायाखाली शिंपल्यांची कचकच. मला राहवलं नाही. मॅडमने नंबर मागितला ते सांगून टाकलं. म्हटलं, काका, तुम्हाला पाठवायचं चाललंय. त्या दिवशी मी वेळेवर आलो असतो तर...

काका चालायचे थांबले. मग खाली बसले, वाळूवर, धोतर नेसलेला माणूस बसतो तसे, पॅन्टमध्ये.

"माका चव लागणा नाय रे."

मी म्हटलं, म्हणजे?

"त्या तापापासून. वासय येणा नाय. मीठ नी साकर, दोनय वाळू." त्यांनी मूठभर वाळू उचलून सोडली. "मिरची तेवडी झोंबता. म्हणान खातंय. कायतरी होता तोंडात इतक्या तरी कळता."

मी तिथेच बसलो. मला आधी माझे बूट आठवले. लाज वाटली.

"मग तो नैवेद्य?"

"तो तू म्हटलंस. माज्या तोंडातसून गेलो नाय." थोडं हसले. "लोकांनी हात जोडल्यानी, मी गप रवलंय. बरा वाटला."

डॉक्टरकडे गेले होते. डॉक्टर म्हणाला, येईल तर येईल. मेसमध्ये कोणाला कळलं नाही, मेसमध्ये कोण चव बघतं. वजनाने, घड्याळाने रांधायचे. हे नवीन काम नको म्हणणार होते, पण मॅडमने नाव दिलं आणि मेन्यूवर मोठ्या अक्षरात 'जयरामचं तिखलं' छापलं.

"नी घराकडे कसो जाव? उतारलंय की देवळातली पळी हातात देतले. नी ही," म्हणजे ठकूबाई, "ही माज्यापुढे ताट ठेवून तोंडाकडे बघता. तिका पयल्या घासाक कळतला. तिचा रांदलेला माका वाळूसारख्या लागता, ह्यां तिका कसा सांगू?"

मला बोलता येत नाही अशा वेळी, मी उठून दगड मारत बसतो पाण्यात. तेच केलं. काकांनी पण एक मारला. त्यांचा लांब गेला.

म्हटलं, सोळा तारखेला मी असेन. "होय," म्हणाले, जसं कोणी गणपतीला येतो म्हणतं आणि आपण होय म्हणतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

अर्ज मंजूर. अभिजीतचा फोन. सतरा तारखेला यायचं. सोळा झाली की सतरा, म्हणजे काही अडत नाही. काकांना सांगायचं आहे. सांगेन.

दिवसभर चाखतोय. आज चौदा वेळा तरी सोलकढी. आता काका मीठ विचारत नाहीत, नुसती पळी पुढे करतात आणि माझ्या कपाळाकडे बघतात. त्यांना तिथूनच कळतं म्हणे. मॅडम दोनदा आत येऊन गेल्या. मला म्हणाल्या, "ज़ुकाम-वुकाम से बचके रहना, मियाँ." काळजी करतात की टोमणा मारतात, कळायला मार्ग नाही. पाठवायचं ठरवलंय माणसाला आणि त्याच्यासाठी नारळ निवडतायत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल सुट्टी होती. अभिजीत म्हणाला, नुसतं बघून जा. म्हणून गेलो.

वाळवंट मोठं आहे. दुसरं काही सुचत नाही. तंबूचे दोर ओढले, खुंट्या ठोकल्या, एका म्हाताऱ्या कुवेती माणसाने गोडमिट्ट चहा दिला आणि माझा खांदा थोपटला. दुपारी वारा सुटला, मग धूळ. सगळं पिवळं. एक तास तंबूच्या कापडाखाली पालथे पडून होतो. अभिजीत हसत होता. मलाही मजा वाटली, खोटं कशाला लिहू. वाटलं, इथे कोणी कपाळाकडे बघत नाही.

आज उठलो तर नाक बंद. घसा लाकूड. काकांनी चहा दिला, आल्याचा असणार. नुसतं गरम लागलं. त्यात साखर घालून बघितली, मग मीठ घालून बघितलं.

काही नाही.

काकांनी पळी पुढे केली तेव्हा म्हटलं, बरोबर आहे. पुन्हा केली, पुन्हा म्हटलं. ते माझ्या कपाळाकडे बघत होते, मी भांड्यांच्या फळीकडे.

१६ नोव्हेंबर, रविवार

पिठाच्या गोणीवर बसून लिहितोय. कोठीत. अकरा वाजले असतील. मुदीर एक वाजता येणार, त्याचे भाऊ, मुलं, हेड ऑफिसची माणसं. बाहेर नाखव्याची दाढी पुन्हा चिकटवलीय. दिवे लावलेत म्हणून तारे दिसत नाहीत.

सकाळी सांगून टाकलं. काका नारळ खवत होते. म्हटलं, काका, माझ्या तोंडाला चव नाही. सर्दी झालीय. परवा वाळवंटात गेलो होतो. उद्यापासून तिकडेच जाणार होतो. तेही सांगितलं, एका दमात.

काकांनी विळी बाजूला केली. मला वाटलं, आता बोलतील, जे बोलायचं ते सगळं. ते हसायला लागले. पार्कात आल्यापासून असं हसताना मी त्यांना बघितलं नव्हतं, खांदे हलेपर्यंत.

"बरा झाला," म्हणाले. "आता तुकाय कळला, चाय कशी लागता ती."

मग दोघंही तिखल्याच्या टोपाभोवती उभे राहिलो. रंग सुंदर आलाय, तिरफळं वर तरंगतायत. मीठ घातलं की नाही तेच दोघांना आठवेना. बोलण्याच्या नादात काकांचं माप चुकलं. मी चाखलं, गरम. काकांनी चाखलं, माझ्यासमोर पहिल्यांदा, डोळे मिटून, आणि मान हलवली. हेल्परना चाखायला दिलं. दोघांनी अंगठा दाखवला. सलोनीला म्हटलं, एकदा फक्त जिभेला लाव. ती म्हणाली, सुदेश, मी आजपर्यंत अंडं खाल्लं नाही, तू मला बांगडा चाखायला सांगतोस? तरी ती टोपापर्यंत आली, वास आल्यावर दाराशी जाऊन उभी राहिली. तिचा दोष नाही.

मॅडमना सांगायचं म्हणून फोन केला, तर फोन बंद. सकाळपासून विमानतळावर गेल्यात म्हणे. आजच्या दिवशी. कुठल्या तरी नव्या शेफला आणायला गेल्या असतील. काकांनाही तेच वाटत असणार. एप्रन काढून त्यांनी घडी करून टेबलावर ठेवला. मग पुन्हा घातला. माणसाने जेवण अर्धवट टाकून जायचं नसतं, म्हणाले.

अभिजीतचे तीन मिस्ड कॉल. उद्या सकाळी गाडी येणार आहे. मी त्याला कळवलेलं नाही, येतो म्हणून किंवा नाही म्हणून. सर्दी उतरायला चार-पाच दिवस लागतात. तोवर इथेच थांबावं लागणार, दुसरं काय. मग काकांना रोज चाखायला कोणीतरी लागणारच, म्हणजे मग पुढच्या आठवड्यात बघू. भावजी हसतील.

टोपाखालचा गॅस बारीक केलाय. बाहेर ट्रॉलीचा आवाज येतोय, ग्लास मांडतायत. काका मिठाची बरणी हातात घेऊन उभे आहेत, दारातून दिसतायत मला. घालायचं की नाही, एवढंच ठरवायचंय त्यांना. कोणीच सांगू शकत नाही.

सलोनी धावत आली. मॅडमची गाडी मागच्या गेटला लागलीय म्हणाली. बरोबर एक बाई आहे, नऊवारी नेसलेली, नाकात नथ, हातात कापडी पिशवी, आणि गेटवरचा माणूस पिशवीतले नारळ बघितल्याशिवाय आत सोडत नाहीये, तर बाई त्याच्याशी भांडतेय, मराठीसारखंच काहीतरी, पण अर्धं कळत नाही.

"कोण आहे?" मी विचारलं.

"मला काय माहीत. मॅडम नुसत्या हसतायत. मला बघून बाई म्हणाल्या, पळत जा नी आत सांग त्यांका, मीठ घालू नकात म्हणान. मी इलंय."